झाकली मूठ

चकलीचा सोऱ्या फिरवणे ही काही लिहून सांगण्यासारखी गोष्ट नव्हे, हे मला ठाऊक आहे. दिवाळीच्या तोंडावर घरोघरी बायका तो फिरवतात आणि त्यासाठी कुणी त्यांचा सत्कार करीत नाही. पण या वर्षी आमच्या सोलापूरच्या घरी मी ओट्याशी उंच स्टूल ओढून बसले, सोऱ्या हाती घेतला आणि एकामागून एक अकरा चकल्या पाडल्या, तेव्हा आमच्या ह्यांनी हातातले वर्तमानपत्र खाली ठेवले.

"अकरा झाल्या," ते म्हणाले. "आता तू ऊठ. उरलेल्या मी पाडतो."

ह्यांनी पाडलेल्या त्या वस्तूंना चकल्या म्हणावे की नाही, हा वादाचा प्रश्न आहे. पण मी मुकाट्याने उठले. कारण अकरा हा आकडा आमच्या घरी फार मोठा आहे. २०१८च्या दिवाळीत मला एकही चकली पाडता आली नव्हती. "सोऱ्या बिघडलाय," असे सांगून मी चकल्या विकत आणल्या होत्या. सोऱ्या अगदी चांगला होता. बिघडली होती ती माझी मूठ.

ही मुठीची गोष्ट सांगायची तर माझ्या आईपासून सुरुवात करायला हवी.

माझे माहेर बार्शीचे. १९७३ साली मी अकरा वर्षांची होते. त्या वर्षी बार्शीत एक विचित्र ताप आला. आमच्या वाड्यात बिऱ्हाडे सात. त्यांतले एकही सुटले नाही. ताप चार-पाच दिवसांत उतरे, पण उतरताना माणसाचे सांधे धरून ठेवी. धडधाकट पुरुष भिंतीला धरून चालू लागले. भगवंताच्या देवळात जाणाऱ्या बायका कमरेत अशा वाकलेल्या असत, की आम्हां मुलांना वाटे, सगळा गाव एकदम म्हातारा झाला. पुढे मोठेपणी कळले की ती चिकुनगुन्याची साथ होती. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी बार्शीच्या त्या साथीचा अभ्यास केलेला आहे. हे नाव आफ्रिकेतल्या मकोंदे भाषेतले. त्याचा अर्थच मुळी 'वाकवून टाकणारा' असा आहे. १९५२ साली आजच्या टांझानियात तो प्रथम ओळखला गेला. डासांमार्फत पसरणारा हा रोग. बार्शीनंतर तो पुष्कळ वर्षे जणू दडून बसला आणि २००५-०६ साली पुन्हा महाराष्ट्रभर फिरला. तुमच्यापैकी अनेकांच्या घरी त्या वेळी तो पाहुणा येऊन गेला असेल.

वाड्यातली माणसे हळूहळू सरळ झाली. कुणी महिन्याने, कुणी सहा महिन्यांनी. माझी आई मात्र सरळ झाली नाही. तिची बोटे सुजलेलीच राहिली; मग मनगटे, मग पावले. वर्षांमागून वर्षे गेली आणि तिच्या हाताची बोटे करंगळीच्या बाजूला कलू लागली, वाऱ्याने ज्वारीचे पीक एका अंगाला कलावे तशी. ती कळशी बोटांनी न धरता कोपराच्या खोबणीत अडकवून आणी. पीठ तळहाताच्या टाचेने मळी. भाकरी थापताना तिचा चेहरा मी पुष्कळदा पाहिला आहे. ओठ घट्ट मिटलेले असत. विचारले, तर म्हणे, "काही नाही गं, त्या तापाचं राहिलंय. दुखायचं तेवढं दुखेल आणि थांबेल."

ते थांबले नाही. २००१ साली आई गेली, तोवर तिला स्वतःच्या हाताने वेणी घालता येत नव्हती. दहाव्या दिवशी जमलेल्या बायकांच्या तोंडी एकच शब्द होता: सोशीक. "एवढं दुखणं, पण कधी हूं की चूं केलं नाही हो!" मला तेव्हा या शब्दाचा अभिमान वाटला. आज त्या शब्दाची मला भीती वाटते. का, ते पुढे येईलच.

२०१८च्या श्रावणात एके दिवशी सकाळी उठले, तर बोटांतली अंगठी निघेना. मी त्या वेळी शाळेत शिकवीत होते. निवृत्तीला दोन वर्षे उरली होती. वाटले, आदल्या दिवशी वह्या फार तपासल्या, त्याचा परिणाम. पण आठवडाभरात दोन्ही हातांच्या बोटांची मधली पेरे आणि मुळे सुजली. उजवा हात दुखला की डावाही दुखे, जणू दोघांनी संगनमत केले होते. सकाळी बोटे लाकडासारखी ताठ. दुधाची पिशवी फाडता येत नसे, नळ सोडता येत नसे, दात घासायचा ब्रश दोन्ही हातांनी धरावा लागे. दहा-साडेदहापर्यंत हात जरा सैल होत, आणि मग मला वाटे, झाले, उद्या बरे वाटेल.

मी हे कुणाला सांगितले नाही. शाळेत फळ्यावर लिहिण्याचे काम एका हुशार मुलीकडे सोपवले. ती बिचारी तो आपला बहुमान समजली. घरी भाकरीऐवजी भात वाढू लागले. सोलापूरकराच्या घरी दोन्ही वेळा भात म्हणजे काय, हे सोलापूरकरालाच कळेल! ह्यांनी चार दिवस सोसले आणि पाचव्या दिवशी बाजारातून कडक भाकऱ्यांचा गठ्ठा आणून ठेवला. त्या भाकऱ्या मोडायलाही मला होत नव्हत्या.

तुम्ही म्हणाल, एवढे लपवायचे कारण काय? कारण होते आमची मुलगी. तिच्या लग्नाची बोलणी तेव्हा चालू होती. माझ्या आईचे हात नात्यागोत्यात सगळ्यांनी पाहिलेले. आता माझेही तसेच होणार असे कळले, तर लोक म्हणतील, आजीला होते, आईला आहे, म्हणजे उद्या मुलीलाही होणार. झाकली मूठ सव्वा लाखाची, असे आपण म्हणतो ना? मी अक्षरशः मूठ झाकून बसले होते. फरक इतकाच, की ती झाकलेली मूठ पुरती मिटतही नव्हती.

पण दुखणे लपवले, तरी चेहरा थोडाच लपतो! शेजारच्या अक्कांनी ओळखले. मग उपायांचा पाऊस सुरू झाला. निर्गुडीचा पाला झाला, एरंडेल झाले, मेथीचे लाडू झाले. आंबट बंद झाले, वांगे बंद झाले, तुरीची डाळ वातूळ म्हणून तीही गेली. ह्यांचे गुडघे जुने दुखरे. त्यांना डॉक्टरांनी रोज चालायला सांगितले होते. तेव्हा ह्यांनी मलाही पहाटे कंबर तलावाकडे फिरायला न्यायला सुरुवात केली. चालून त्यांचे गुडघे सुधारले. माझी बोटे चालण्याने कशी सुधारणार? पण आम्हां दोघांनाही वाटे, सांधेदुखी ती सांधेदुखी. एकाचे औषध दुसऱ्याला चालायला काय हरकत आहे?

आणि मग पुड्या आल्या. कुणाच्या तरी ओळखीच्या कुणी तरी आणून दिलेल्या, करड्या रंगाच्या, वर्तमानपत्रात बांधलेल्या पुड्या. "जडीबुटीचं आहे, अपाय काही नाही." दिवसातून तीन. चौथ्या दिवशी सकाळी मी उठले आणि मूठ मिटली! मला हर्षवायू व्हायचाच बाकी राहिला. महिनाभर मी भाकऱ्या थापल्या, कपडे पिळले, फळ्यावर लिहिले. चेहरा गोल झाला. मैत्रिणी म्हणाल्या, "तब्येत छान सुधारली हो!" मग पुड्या संपल्या. नव्या यायला आठ-दहा दिवस लागले आणि तेवढ्यात दुखणे व्याजासकट परत आले.

नेमक्या त्याच दिवसांत, जानेवारी २०१९मध्ये, मुलाकडची मंडळी आमच्याकडे आली. सिद्धेश्वरांच्या यात्रेचे दिवस. नंदीध्वजांची मिरवणूक आणि अक्षता सोहळा पाहायचा, आणि जाता जाता मुलीचे घरही पाहायचे, असा बेत. चहा-फराळ मुलीने दिला. सगळे ठीक चालले होते. निघताना मुलाच्या आईंना कुंकू लावायला म्हणून मी करंडा उचलला. त्याचे झाकण निघेना. पुन्हा प्रयत्न केला. घाम फुटला. माणसे दारात उभी आणि मी दोन बोटांएवढ्या झाकणाशी झगडते आहे!

त्या बाई पुढे झाल्या. माझ्या हातून करंडा घेऊन त्यांनी तो उघडला, आधी मला कुंकू लावले, मग स्वतःचे कपाळ पुढे केले. आणि माझा हात हातात घेऊन, सुजलेल्या पेरांवरून अंगठा फिरवत हळूच विचारले, "सकाळी बोटं सुटायला किती वेळ लागतो तुम्हांला?"

"दोन तास," माझ्या तोंडून निघून गेले. सहा महिन्यांत हे मी प्रथमच कुणाला सांगत होते.

"माझ्या थोरल्या बहिणीला हेच आहे," त्या म्हणाल्या. "लग्नाचं नंतर बघू. आधी हात दाखवा."

'लग्नाचं नंतर बघू' एवढेच मी ऐकले. रात्रभर रडले. सगळा प्रकार कळल्यावर मुलगी रडली नाही, संतापली. "माझ्या लग्नासाठी तू हात घालवणार होतीस? आणि ते ऋण मी जन्मभर कसं फेडायचं होतं?" या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांचा फोन आला: संधिवाताच्या एका डॉक्टरीणबाईंचे नाव, पत्ता आणि वर एक वाक्य, "साखरपुड्याची तारीख तुमच्या डॉक्टरांच्या तारखेनंतरची धरू या."

डॉक्टरीणबाई वयाने माझ्या विद्यार्थिनीएवढ्या. त्यांनी एक्स-रे मागितला नाही की लगेच औषध लिहिले नाही. आधी माझा चेहरा पाहिला. "बाई, पुड्या घेता ना?" मी ओशाळले. अशा कितीतरी जादूच्या पुड्यांमध्ये स्टेरॉइड मिसळलेले असते, हे त्यांनी सांगितले. स्टेरॉइड हे औषध वाईट नव्हे. १९४८ साली अमेरिकेत डॉक्टर हेंच यांनी संधिवाताच्या एका रोगी बाईला कॉर्टिसोन दिले, तेव्हा अंथरुणाला खिळलेली ती बाई काही दिवसांत चालू लागली. त्या कामाबद्दल १९५० साली त्यांना नोबेल पारितोषिकही मिळाले. पण मोजमापाशिवाय, महिनोन् महिने पोटात गेले, तर ते साखर वाढवते, रक्तदाब वाढवते, हाडे पोकळ करते, चेहऱ्यावर ती फसवी गोलाई आणते. आणि घेता घेता एकदम बंद केले, तर जिवावर बेतू शकते. म्हणून डॉक्टरीणबाईंनी पुड्या बंद करून त्याऐवजी मोजून गोळी दिली आणि पुढच्या काही आठवड्यांत ती पायरीपायरीने कमी केली.

मग त्यांनी मला समजावून सांगितले, ते मी माझ्या शब्दांत सांगते. आमच्या घरी सांधेदुखी एक नव्हती, दोन होत्या. ह्यांच्या गुडघ्यांची ती झिज. दोन हाडांमधली गुळगुळीत कूर्चा वयाने आणि भाराने विरत जाते. असला सांधा वापरला की दुखतो, विसावला की बरा वाटतो, सकाळचा ताठरपणा बहुधा अर्ध्या तासाच्या आत ओसरतो. माझे दुखणे निराळे. शरीराचे राखणदार सैन्य चुकून आपल्याच सांध्यांच्या आतल्या मऊ अस्तरावर चालून जाते. अस्तर सुजते, वाढते आणि हळूहळू हाड कुरतडते. हे बहुधा दोन्ही बाजूंच्या सांध्यांना सारखेच होते, हातापायांच्या लहान सांध्यांपासून सुरू होते, आणि सकाळचा ताठरपणा तासाहून अधिक टिकतो. पुरुषांपेक्षा बायकांत हे दोन-तीन पट अधिक आढळते. याला ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात. आपल्या वैद्यांनी ज्याला आमवात म्हटले, त्याची लक्षणे याच्याशी पुष्कळशी जुळतात. माधवनिदान या जुन्या ग्रंथात त्याचे स्वतंत्र प्रकरण आहे. रक्ताच्या तपासण्या झाल्या आणि त्यांचा तर्क खरा ठरला.

"वारशाने येतं का हो?" मी मुलीकडे न पाहता विचारले.

"घरात असलं तर शक्यता थोडी वाढते. पण बहुतेक लेकींना होत नाही," त्या म्हणाल्या. "आणि झालंच, तर आज त्यावर औषध आहे. फक्त वेळेवर यायला हवं."

मग मी आईचे विचारले. तो बार्शीचा ताप, ती कललेली बोटे, कोपरावरच्या गाठी. डॉक्टरीणबाई क्षणभर गप्प राहिल्या. चिकुनगुन्याची सांधेदुखी काही जणांत महिनोन् महिने, क्वचित वर्षानुवर्षे रेंगाळते, हे खरे. पण मी सांगत होते ते वर्णन माझ्याच रोगाचे वाटत होते. ताप निमित्त झाला, की रोग आपला आपणच त्या वेळी आला, हे आता कुणीच सांगू शकणार नाही.

"तेव्हा औषधच नव्हतं ना?" मी विचारले. मला 'हो' असे उत्तर हवे होते.

"१९७३मध्ये आजच्यासारखं नव्हतं," त्या म्हणाल्या. "पण जे औषध मी तुम्हांला आज देणार आहे, त्याला अमेरिकेत या रोगासाठी १९८८ साली मान्यता मिळाली."

१९८८. आई २००१ साली गेली. मधली तेरा वर्षे मी मनातल्या मनात मोजली. त्या वर्षांत मी सोलापुरात नोकरी करीत होते, हाती पैसा होता, मोठी इस्पितळे हाकेच्या अंतरावर होती. तिला कुणी विशेषज्ञाकडे नेले नाही. का? तर तिने मागितले नाही, आणि ती मागत नाही याचे आम्ही कौतुक करीत राहिलो. सोशीक माणसाची सगळ्यांना मोठी सोय असते, वाचकहो. त्याचे काही करावे लागत नाही.

तर हे औषध म्हणजे मेथोट्रेक्सेट. शेजारच्या अक्का मूळच्या तेलंगणातल्या विणकर घराण्यातल्या, आमच्या पूर्व भागातल्या शेकडो पद्मशाली कुटुंबांसारख्याच. त्यांना मी सांगितले की आंध्रातल्या भीमावरमचे डॉक्टर यल्लाप्रगडा सुब्बाराव अमेरिकेत गेले आणि त्यांच्या हाताखालच्या शास्त्रज्ञांनी हे औषध तयार केले. तेव्हापासून अक्का निर्गुडीचा पाला विसरल्या. "आपल्या तेलुगू माणसाचं औषध आहे, चुकवू नका," असे दटावू लागल्या. मूळ ते कॅन्सरवर वापरले गेले. संधिवातात त्याची मात्रा फार लहान असते. आणि मुख्य म्हणजे ते आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते.

हे 'एकदाच' फार महत्त्वाचे, म्हणून आमची फजिती सांगते. मी सोमवार ठरवला; सोमवारचा उपास असतोच, म्हणजे विसरायला नको. आमचे हे बँकेतून निवृत्त झालेले; शिस्तीचे माणूस. त्यांनी माझ्या औषधाचा कारभार हाती घेतला. सोमवारी गोळी झाली. मंगळवारी सकाळी मी उठते, तो हे पुन्हा पाण्याचा पेला आणि तीच गोळी घेऊन हजर. "औषध रोजच्या रोज नियमानं घ्यावं." मी अर्धवट झोपेत गोळी उचलली, आणि चिठ्ठीवर तांबड्या शाईने काढलेले वर्तुळ आठवले. हे औषध चुकून रोज घेतले गेले, तर रक्त तयार होणे मंदावते आणि माणूस दगावूही शकतो, असे बाईंनी दोनदा बजावले होते. मी ते ह्यांना सांगितले. ह्यांचा चेहरा पांढराफटक पडला. त्या दिवसापासून ती गोळी कपाटात कुलपात असते, किल्ली ह्यांच्याजवळ, कपाट उघडते फक्त सोमवारी, आणि तेही वहीत नोंद करून. बाईंनी ठरवून दिलेल्या दुसऱ्या दिवशी फॉलिक ॲसिडची गोळी असते. ठरावीक मुदतीने रक्त आणि यकृत तपासून घ्यायचे. मूल व्हायचे असलेल्या बाईने तर हे औषध डॉक्टरांना सांगितल्याशिवाय मुळीच घेऊ नये.

पुडीने चार दिवसांत मूठ मिटली होती. या औषधाने गुण यायला दोन-अडीच महिने लागले. मधे मी दोनदा निराश झाले. पण मार्च संपता संपता एका सकाळी चहा करताना लक्षात आले, की आज गॅसचे बटण मी एकाच हाताने फिरवले.

औषधाखेरीज काय करते, हे विचारणाऱ्या भगिनी पुष्कळ भेटतात. म्हणून तेही लिहिते. सकाळी हात कोमट पाण्यात बुडवून मूठ मिटायची आणि उघडायची, दहा वेळा. अंगठा एकेका बोटाच्या टोकाला लावायचा. ताठरपणाला शेक बरा. आमच्या गावचा जाड टॉवेल गरम पाण्यात भिजवून, पिळून हातांभोवती गुंडाळला, की फार सुख वाटते. मात्र टॉवेल पिळणे हे माझ्या बोटांना वर्ज्य. ते काम ह्यांचे. एखादा सांधा तापलेला, लाल झालेला असेल, तर शेक नव्हे. फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटे. पिशवी बोटांत न लटकवता हातावर घ्यायची. सुरीच्या आणि उलथन्याच्या मुठीला कापडाची जाड पट्टी गुंडाळली आहे. जाड मूठ धरायला बोटांना कमी जोर लागतो. सुजेचे दिवस असले, की कामाचे तुकडे करायचे आणि मधे बसायचे. एरवी हालचाल सोडायची नाही. न हलणारा सांधा लवकर आखडतो.

ह्यांच्या गुडघ्यांचे शास्त्र वेगळे. ते खुर्चीवर बसून पाय सरळ करतात, पाच आकडे मोजतात, खाली घेतात. दहा वेळा एक पाय, दहा वेळा दुसरा. मांडीचे स्नायू बळकट झाले, की गुडघ्याचा भार ते उचलतात. शिवाय अंगाचे एक किलो वजन उतरले, तर दर पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी कमी होतो, हे बाईंनी सांगितल्यापासून ह्यांनी शेंगाचटणीवर तेल घेणे निम्म्यावर आणले आहे. सोलापुरात हा त्याग लहान नव्हे! मला मात्र खाण्याची मोकळीक मिळाली. वांगे, डाळ, ताक यांनी या दुखण्यात बिघडते असे काही सिद्ध झालेले नाही, असे बाई म्हणाल्या, आणि त्या संध्याकाळी मी भरली वांगी केली.

पुण्याला जाताना वाटेत भिगवण लागते, हे आपणां सोलापूरकरांना ठाऊक आहे. तिथले मासे आणि उजनीच्या पाण्यावरचे रोहित पक्षी यांमुळे गाव प्रसिद्ध. पण १९९६ साली पुण्याचे डॉक्टर अरविंद चोप्रा आणि त्यांचे सहकारी याच भिगवणला घरोघर जाऊन एकच प्रश्न विचारीत होते: काय दुखते? जागतिक आरोग्य संघटनेच्या एका उपक्रमातली ही पाहणी. चार हजारांवर प्रौढ माणसांना विचारले, तेव्हा शंभरांत सुमारे १८ जणांना हाडा-सांध्यांचे काही ना काही दुखणे निघाले. माझ्या जातीचा संधिवात निघाला दोनशेंत सुमारे एकाला. मला या पाहणीतले एकच फार आवडते. कुणी तरी दारात गेले आणि विचारले. माझ्या आईच्या दारात कुणी गेले नाही. आणि घरातल्या आम्ही जे विचारले, ते तिने 'काही नाही गं' म्हटल्याबरोबर सोडून दिले.

माझी उजवी करंगळी वाकडी राहिली आहे. औषधाने सूज गेली, पण लपवण्यात घालवलेल्या त्या सहा महिन्यांत जे हाड कुरतडले गेले, ते परत येत नाही. सुरुवातीचे महिने हेच या रोगात सोन्याचे असतात, आणि ते सोने मी मूठ झाकून घालवले. तेव्हा दोन्ही हातांचे सांधे सुजले असतील, सकाळी बोटे सुटायला तासावर वेळ लागत असेल आणि असे काही आठवडे चालले असेल, तर सोसू नका. सांगा. आणि घरातले दुसरे कुणी 'काही नाही' म्हणत असेल, तर पुन्हा विचारा.

लग्न २०१९च्या डिसेंबरात झाले. मुलगी आता पुण्याला असते. परवा तिचा फोन आला: "आई, दोन दिवस अंगठा दुखतोय." माझ्या काळजात चर्र झाले. एक अंगठा की दोन्ही? सूज आहे का? सकाळी ताठ असतो का? मी प्रश्नांची सरबत्ती केली. पलीकडून विहीणबाईंचा आवाज आला, "मी सगळं विचारलंय हो! रात्री बारापर्यंत फोनवर बोटं चालवते, त्याचं आहे. तरी शुक्रवारी दाखवून आणते."

मी फोन ठेवला. हे ओट्याशी उभे राहून बारावी चकली पाडत होते. ती चकली कुठे सुरू होऊन कुठे संपते, ते शेवटपर्यंत कळले नाही. पण तळल्यावर ती पहिल्यांदा मीच खाल्ली, आणि सांगते, फार छान झाली होती.